‘वापरण्यास तयार’ म्हणजे नक्की काय तयार? टॅग लावलेल्या मानवी जनुकाच्या लेंटिव्हायरल कणांचं एक वाचन

(कोलशेत, ठाणे इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)



पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली मिसळीचीही होते. आज आम्ही समीक्षेला घेतलंय ते कॅटलॉगमधलं एक पान. प्रयोगशाळांना जैविक माल विकणाऱ्या कंपन्या जगभर आहेत आणि त्यांच्या याद्यांमध्ये हजारो मानवी जनुकं एकाच साच्याच्या पानांवर मांडलेली असतात. मजकूर साधारण असा: अमुक मानवी जनुक, मायक आणि डीडीके टॅगसह, लेंटिव्हायरल कणांच्या रूपात, २०० मायक्रोलिटर, टायटर दर मिलिलिटरला १ कोटी टीयूच्या वर, वापरण्यास तयार, फक्त संशोधनासाठी. खाली किंमत आणि ‘कार्टमध्ये टाका’ असं बटण. म्हणजे भाजी मागवतो तसंच जनुक मागवायचं. (हशा)

कुठल्या एका कंपनीला आम्ही धरलेलं नाही. साचा सगळ्यांचा सारखाच आहे, त्यामुळे टीका साच्यावर आहे. आणि त्याहून जास्त, तो साचा जसा वाचला जातो त्यावर आहे.

कोलशेतला हा विषय परका वाटायचं कारण नाही. आज जिथं टॉवर उभे आहेत त्याच कोलशेत रोडवर सँडोझचा, पुढे क्लॅरियंट झालेला कारखाना होता, बायरचा होता. तिथं उमेदीची वर्षं काढलेली मंडळी समोर बसलेली असतील. पिंपावरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे त्यांना आम्ही सांगायला नको. आणि लेबल न लिहूनही बरंच काही सांगतं, हेही त्यांना ठाऊक आहे. तशाच नजरेनं हे पान वाचू.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. लेंटिव्हायरस म्हणजे सावकाश रोग करणाऱ्या विषाणूंचं कुटुंब. ‘लेंटस’ म्हणजे लॅटिनमध्ये मंद. या कुटुंबाचा सगळ्यांना माहीत असलेला सदस्य एचआयव्ही. त्याची एक खासियत अशी, की तो पेशीत शिरल्यावर आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची बसवतो. शिवाय पेशी विभागत नसली तरी त्याला हे जमतं. १९९६ मध्ये नाल्दिनी, ब्लोमर, गेज, वर्मा आणि ट्रोनो या संशोधकांनी हीच खासियत उलटी वापरली. विषाणूतली रोगाची सामग्री काढली, त्या जागी हवं ते जनुक ठेवलं आणि प्रौढ उंदरांच्या मेंदूतल्या, न विभागणाऱ्या चेतापेशींत ते पोचवून दाखवलं. त्यातले इंदर वर्मा मूळचे भारतीय. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, याची तिसरी पिढी आली. मूळ विषाणूच्या नऊ जनुकांपैकी तीनच ठेवायची, तीही वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर विभागून. आणि गुणसूत्रात बसल्यावर विषाणूचा स्वतःचा प्रवर्तक आपोआप निकामी होईल अशी कातर मारून ठेवायची. ही खरोखर देखणी कारागिरी आहे. टीका करायला बसलोय म्हणून ते नाकारायचं काही कारण नाही.

आता पानावरचा ‘मानवी’ हा शब्द बघा. बाटलीत मानवी असं किती आहे? कणाचं वरचं आवरण गुराढोरांना होणाऱ्या एका विषाणूचं, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचं. आतला सांगाडा एचआयव्हीचा. जनुक चालू करणारा प्रवर्तक बहुतेक वेळा सायटोमेगॅलोव्हायरसचा. संदेश टिकावा म्हणून जोडलेला एक तुकडा अमेरिकेतल्या वुडचक नावाच्या प्राण्याच्या यकृतविषाणूचा. निवडीसाठी प्युरोमायसिनला दाद न देणारं जनुक घातलं असेल तर ते मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं. चमकणारा टॅग हवा असेल तर तो जेलीफिशचा. आणि हे सगळं ज्यात तयार होतं त्या पेशी, एचईके २९३टी, ज्या मूळ एचईके २९३ पेशींपासून आल्या, त्या मूळ पेशी १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी बनवल्या; २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. अशी ही गोधडी. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे असतात, इथं विषाणूंचे आहेत.

गोधडीला नावं ठेवायची नाहीत, ती ऊब देते. पण मधला जो एक तुकडा मानवी आहे, तो तरी कुणाचा? मानवी जनुकाचा संदर्भक्रम म्हणून आपण जो वापरतो, त्यातला सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या परिसरातल्या एकाच निनावी दात्याकडून आलेला आहे. पी५३ हे कर्करोगाच्या अभ्यासातलं सगळ्यात गाजलेलं प्रथिन घ्या. त्याच्या ७२व्या जागी कुणाकडे प्रोलीन असतं, कुणाकडे आर्जिनीन. दोघंही निरोगी, पण दोन्ही प्रथिनं सगळ्या बाबतींत सारखी वागत नाहीत. बाटलीत त्यातलं एकच येतं. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पानं दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. ठाण्यातल्या रुग्णांचे नमुने घेऊन काम करणाऱ्या एखाद्या गटानं आपल्या रुग्णांत कुठलं रूप आहे आणि बाटलीत कुठलं आलंय, एवढं तरी ताडून पाहायला हवं. पानावर संदर्भक्रमांक दिलेला असतो, हा पानाचा प्रामाणिकपणा. तो क्रमांक उघडून वाचायचा कंटाळा मात्र वाचणाऱ्याचा.

त्यातही जनुक सगळं येत नाही. येते ती फक्त प्रथिनाचा मजकूर असलेली ओळ, आणि तीही एका ठरावीक पाठाची. केरास नावाच्या जनुकाचे मुख्य पाठ दोन आहेत, चार-ए आणि चार-बी. शेवटचा टोकाकडचा भाग वेगळा आणि पेशीच्या पडद्याला चिकटायची रीतही वेगळी. ‘केरास’ मागवलं म्हणून केरास आलं, यावर समाधान मानणं म्हणजे ‘पाटील’ एवढाच पत्ता लिहून कोलशेतला पत्र पाठवण्यासारखं आहे. (हशा)

आता टॅगकडे येऊ, कारण आमचं मुख्य भांडण तिथं आहे.

टॅग कशासाठी लावतात? बाहेरून घातलेलं प्रथिन पेशीतल्या मूळ प्रथिनांच्या गर्दीत ओळखता यावं म्हणून. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती, आठवतं का? तो माणूस दारावर यायचा, टकटक करून पातेल्यावर नाव आणि तारीख कोरून द्यायचा. लग्नाकार्यात भांडी शेजारी गेली तरी परत ओळखू यायची. टॅग म्हणजे तेच. डीडीके किंवा फ्लॅग हा टॅग आठ अमिनो आम्लांचा, मायक दहा, एचए नऊ. त्याला पकडणारे प्रतिपिंड बाजारात तयार मिळतात, त्यामुळे प्रत्येक नव्या प्रथिनासाठी नवा प्रतिपिंड शोधावा लागत नाही. पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात. इथवर सगळं ठीक.

पण नाव काठावर कोरलं तर पातेलं पातेलंच राहतं. तळाला भोक पाडून कोरलं तर काय होईल? या तयार कणांमध्ये टॅग सहसा प्रथिनाच्या शेपटीला असतो. कारण सोयीचं आहे: हजारो जनुकं एकाच साच्यात घालायची तर टॅग साच्यातच ठेवलेला बरा. जनुकाला काय मानवतं हे बघून तो बसवलेला नसतो. वर सांगितलेलं केरास घ्या. त्याच्या अगदी शेवटच्या चार अमिनो आम्लांत एक खूण असते. ती वाचून पेशी तिथल्या सिस्टीनला एक तेलकट शेपूट जोडते, पुढची तीन आम्लं कापून टाकते आणि मगच केरास पडद्याला चिकटतं. पडद्याला चिकटलं नाही तर ते जवळपास निरुपयोगी. आता त्या खुणेच्या पुढे तुम्ही आठ आणि दहा आम्लं जोडली, की खूण शेवटी राहतच नाही. प्रथिन तयार होतं, वेस्टर्न ब्लॉटमध्ये झकास पट्टी दिसते, टॅगचा प्रतिपिंड ते पकडतो. फक्त ते केरासचं काम करत नाही. आणि निष्कर्ष लिहिला जातो: ‘या पेशींत केरास वाढवल्यानं फरक पडला नाही.’

पेरॉक्सिसोममध्ये जाणाऱ्या अनेक प्रथिनांचा पत्ताही असाच शेपटीला असतो, तीन अक्षरांचा. तो झाकला की प्रथिन रस्ता चुकतं. बरं, टॅग डोक्याला लावावा तर पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांचा पत्ता डोक्याकडे असतो. तो बाहेर पडताना कापला जातो आणि बरोबर टॅगही जातो. सगळ्यांना मानवेल अशी टॅगची जागाच नाही. प्रत्येक प्रथिनाचा वेगळा विचार करावा लागतो, आणि एकच साचा वापरणारं पान तो करू शकत नाही.

टॅगच्या स्वभावाचंही काही आहे. फ्लॅगच्या आठांपैकी पाच अॅस्पार्टिक आम्लं. म्हणजे ऋणभाराचा छोटासा गोळाच प्रथिनाला लटकवलेला. मायकची गंमत आणखी वेगळी. हा टॅग मुळात मानवी सी-मायक या प्रथिनाचाच तुकडा आहे. त्याला पकडणारा ९ई१० हा प्रतिपिंड १९८५ साली त्या प्रथिनासाठीच तयार झाला. म्हणजे मानवी पेशींत मायक टॅग शोधायला गेलात, तर पेशीचं स्वतःचं सी-मायकही ‘हजर’ म्हणतं. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर असतं, आणि जेलवर साठ-पासष्ट किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. तुमचं प्रथिन त्याच वजनाचं असेल तर कोण कुठलं हे सांगायचं कसं? चाळीतल्या चार घरांत एकच आडनाव असल्यावर पोस्टमनचं होतं तसं. जेलीफिशचं चमकणारं प्रथिन तर २३८ अमिनो आम्लांचं. केरास स्वतः १८८-१८९चं. तिथं टॅग जनुकाला लावलाय की जनुक टॅगला, असा प्रश्न पडावा.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं शास्त्रज्ञांना माहीत असतंच. तज्ज्ञांना असतं. पण हे पान वाचतं कोण? बरेचदा पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पीएचडीची विद्यार्थिनी, जिच्याकडे अनुदानाचं वर्ष संपायला तीन महिने आहेत आणि मार्गदर्शकानं सांगितलंय, ‘क्लोनिंगमध्ये वेळ घालवू नकोस, तयार मागव.’ तिला ‘वापरण्यास तयार’ हे शब्द दिलासा देतात. ते शब्द खरे आहेत, पण अर्धे. कण पेशीत जायला तयार आहे. प्रश्नाचं उत्तर द्यायला तो तयार आहे असं पान कुठंही म्हणत नाही. ते आपण मनातल्या मनात वाचतो.

आता आकड्याकडे. दर मिलिलिटरला १ कोटी टीयू. टीयू म्हणजे पेशीत शिरून जनुक बसवू शकणारे कण. आकडा मोठा वाटतो, पण बाटलीत २०० मायक्रोलिटरच आहे, म्हणजे एकूण २० लाख. चोवीस खणांच्या ताटलीत दर खणात पन्नास हजार पेशी आहेत आणि दर पेशीला पाच कण द्यायचे आहेत, तर एका खणाला अडीच लाख लागतील. आठ खणांत बाटली संपली. तीन वेळा पडताळणी, मात्रेचे दोन-तीन टप्पे, एवढ्यातच ती रिकामी होते, आणि रिकाम्या कणांचा तुलनागट वेगळ्या बाटलीत, वेगळ्या किमतीत. अनुदानाचा अर्ज लिहिताना हा हिशेब कुणी करत नाही, बाटली आल्यावर होतो.

आणि ‘दर पेशीला एक कण’ असं म्हटलं तरी प्रत्येक पेशीला एकच मिळत नाही. संक्रांतीत बोरन्हाण करतो ना आपण, बाळावर बोरं, चुरमुरे, चॉकलेटं ओततो आणि पोरं तुटून पडतात. समजा शंभर मुलं आणि शंभर चॉकलेटं, आणि कोण चपळ, कोण सुस्त असा काही फरक नाही, निव्वळ नशीब. हिशेब असा येतो: साधारण ३७ मुलांच्या हाती काहीच नाही, ३७ जणांना एक, आणि उरलेल्या २६ जणांना दोन किंवा जास्त. पेशींचं असंच होतं. एकच प्रत हवी असेल तर दर पेशीला ०.३ कण इतकं खाली यावं लागतं. मग ७४ टक्के पेशी कोऱ्या राहतात, आणि ज्यांच्यात कण शिरला त्यांच्यातही सातात एक पेशी जास्त प्रतींची निघते. हे गणित कॅटलॉगच्या पानावर नसतं आणि बऱ्याच प्रबंधांतही दिसत नाही.

टायटर कुठल्या पेशींवर मोजला, हा पुढचा प्रश्न. बहुधा सहज शिरकाव देणाऱ्या, प्रयोगशाळेत रुळलेल्या पेशींवर. त्या गुरांच्या विषाणूचं आवरण पेशीवरच्या एलडीएल ग्राहकाला धरून आत जातं. हो, तोच एलडीएल, ज्याच्या रिपोर्टवरून डॉक्टर आपल्याला तेलकट बंद करायला सांगतात. आराम करत असलेल्या टी-पेशीवर हा ग्राहक कमी असतो, म्हणून तिच्यात कण फारसे शिरत नाहीत. म्हणजे तिकडच्या पेशींवरचे १ कोटी तुमच्या पेशींवर काही लाखही भरणार नाहीत, असं सहज होऊ शकतं. काही ठिकाणी तर टायटर पी२४ या विषाणूप्रथिनाच्या मापावरून काढतात. त्यात पोकळ, मोडके, निकामी सगळे कण मोजले जातात. सभेला किती माणसं आली हे चपला मोजून सांगण्यासारखं आहे ते.

शिवाय हा माल उणे ८० अंशांत राहायला हवा. गोठवून वितळवलं की दर वेळी शिरू शकणारे कण कमी होतात. कोरड्या बर्फात बांधलेला खोका विमानतळाच्या मालगोदामात एखादा शनिवार-रविवार जास्त राहिला आणि बर्फ उडून गेला, तर लेबलवरचा आकडा हा इतिहास झाला. बाटली दिसायला तशीच असते. प्रयोग फसला की शंका जनुकावर घेतली जाते.

आता सुरक्षिततेचं बोलू. इथं आम्हाला थोडं कडक बोलायचंय. पानावर लिहिलेलं असतं: ‘प्रतिकृती-अक्षम’. आमच्या अनुभवात हा शब्द अनेक जण ‘निरुपद्रवी’ असा वाचतात. एचआयव्हीपासून बनलेलं म्हणून यानं एड्स होईल का, अशी भीती सामान्य माणसाला वाटते. तर होणार नाही. कणात ते विषाणू पुन्हा तयार करणारी सामग्रीच नाही. पण उलट्या बाजूची बेफिकिरी जास्त धोक्याची. प्रतिकृती-अक्षम म्हणजे कण स्वतःची पिल्लं काढणार नाही, एवढंच. एकदा आत शिरण्याची ताकद त्याच्यात पूर्ण आहे. त्याचसाठी तर तुम्ही पैसे मोजलेत. आणि ते आवरण जवळपास सगळ्या मानवी पेशींना धरतं, तुमच्या बोटाच्या पेशींनाही. आत बदललेलं, कायम चालू राहणारं केरास असेल आणि सुई टोचली, तर जे जाईल ते तिथं बसेल. म्हणजे धोका कणाचा कमी आणि आतल्या जनुकाचा जास्त. साचा मात्र निरुपद्रवी एन्झाइमच्या पानावर आणि कर्करोगजनक जनुकाच्या पानावर एकाच शब्दांत तीच सूचना छापतो. साच्यातला हा दोष आम्ही गंभीर मानतो.

आपल्याकडे यासाठी नियम आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं. प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते आणि असे प्रयोग तिच्यापुढे जावे लागतात. कागद उत्तम आहेत. पण समितीसमोर ‘लेंटिव्हायरल कण, दुसरी जैवसुरक्षा पातळी’ इतकंच ठेवलं आणि आतल्या जनुकाचं नाव परिशिष्टात गेलं, तर समितीनं नेमकं काय तपासलं? आम्ही तर म्हणू, अर्जाच्या पहिल्या ओळीत जनुकाचं नाव आलं पाहिजे.

आता हेच तंत्र ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्याकडे बघा. खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलं की खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे. जून २०२१ मध्ये तिथं भारतात घडवलेल्या सीएआर-टी पेशी पहिल्यांदा रुग्णाला दिल्या गेल्या. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांचा गट, टाटाकडे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आणि सहकारी. त्यातून इम्युनोअॅक्ट ही कंपनी आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं अनावरण झालं. पुढे प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासता आलेल्या रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. हे असे रुग्ण, ज्यांचे इतर उपाय थकले होते.

वर्तमानपत्रांनी दोन शब्द उचलले: स्वदेशी आणि स्वस्त. अमेरिकेत तीन-चार कोटींचा उपचार इथं साधारण ४० लाखांच्या घरात. चाळीस लाख ‘स्वस्त’ कुणाला, हा प्रश्न कोलशेतच्या टॉवरमध्ये वेगळा आणि टॉवरमागच्या चाळीत वेगळा विचारला जाईल. पण आम्हाला खटकलं ते वेगळंच. या उपचाराचं वाहन कोण, तर लेंटिव्हायरल कण. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, त्यांना आधी जागं करायचं, मग कणांकरवी त्यांच्यात नव्या ग्राहकाचं जनुक बसवायचं, वाढवायच्या आणि परत द्यायच्या. जागं करण्याचं एक कारण तुम्हाला आता माहीत आहे: झोपलेली टी-पेशी या कणांना फारशी आत घेत नाही. हा कण इथं, या दर्जाचा बनवता आला, म्हणून किंमत खाली येऊ शकली. बातम्यांत त्याचा उल्लेख शोधायला भिंग घ्यावं लागतं.

आणि तिथं प्रश्न कसे विचारले जातात ते पाहा. आज आम्ही पानाला जे विचारतोय, ते सगळे औषधाला उत्तर दिल्याशिवाय सुटत नाहीत. जनुक नेमकं कुठलं? इतर देशांतल्या अशा बहुतेक औषधांत कर्करोगपेशी ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडाचा आहे. इथल्या गटानं तो मानवी वळणाचा केला. दर पेशीत किती प्रती? साधारणपणे पाचच्या खाली ठेवाव्यात असा दंडक आहे. विषाणू पुन्हा जिवंत झालाय का, हे तपासावं लागतं. कण कुठं बसले, त्याचा पुढे त्रास होतो का, यासाठी रुग्णावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. ही भीती पोकळ नाही. मेंदूच्या एका दुर्मीळ आजारावर लेंटिव्हायरल उपचार घेतलेल्या ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या वाहनात विषाणूजन्य, अतिशय जोरकस प्रवर्तक होता. आपल्या पानावरच्या सायटोमेगॅलोव्हायरसच्या प्रवर्तकाची बढाई कशाची मारलेली असते? ‘जोरकस अभिव्यक्ती’.

या जोराचं काय करायचं ते संशोधकानंही विचारायला हवं. पेशीत एखादं प्रथिन स्वाभाविकपणे चिमूटभर असतं, आणि आपण ते ओंजळभर ओततो. मिठाचा खारटपणा अभ्यासायचा म्हणून आमटीत अख्खी बरणी उपडी केली, तर जे कळेल ते मिठाबद्दल असेल, आमटीबद्दल नव्हे. जोडीदार प्रथिनं अपुरी पडतात, एरवी न भेटणारी प्रथिनं एकमेकांना चिकटतात, आणि मग ‘नवीन परस्परसंबंध सापडला’ असा शोधनिबंध होतो. मूळ जागीच, पेशीच्या स्वतःच्या जनुकाला क्रिस्परनं टॅग लावला तर प्रमाण नैसर्गिक राहतं. त्याला महिने लागतात. बाटली आठवड्यांत येते. घाईचं आम्हाला कळतं. पण बाटलीनं मिळालेला निष्कर्ष आणि मूळ जागी टॅग लावून मिळालेला निष्कर्ष यांना एकाच वजनाचं मानू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

तयार कण वापरूच नयेत, असं आम्ही म्हणत नाही. चेतापेशी किंवा रुग्णाच्या ताज्या पेशी यांच्यात दुसऱ्या मार्गानं जनुक घालणं कठीणच असतं. एखादं जनुक पेशीतून काढलं, पेशी बिघडली, आणि कणांकरवी तेच परत दिल्यावर ती सुधारली, तर तो भक्कम पुरावा आहे. त्यात टॅग असूनही काम झालं, हेही सिद्ध होतं. या एका प्रयोगासाठी हे पान सोन्याचं आहे. मात्र दिस्ट्रॉफिनसारखं जनुक मागायला जाऊ नका; त्याचा नुसता मजकूरच अकरा हजार अक्षरांचा आहे आणि कणात साधारण आठ-नऊ हजारच मावतात.

प्रश्न घेऊया.

(श्रोत्यांतून: उरलेला माल कुठं टाकतात? नाल्यात?)

नाही काका, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरं झालं. कणावर स्निग्ध आवरण असतं. ते ब्लीच, ७० टक्के अल्कोहोल किंवा साबणासारख्या द्रव्यानं मोडतं. द्रव आधी ब्लीचमध्ये ठराविक वेळ ठेवायचं, घन कचरा १२१ अंशांच्या वाफेत ऑटोक्लेव्ह करायचा, मग जैववैद्यकीय कचऱ्यात. आवरण मोडलं की कण मेला.

(श्रोत्यांतून, एक विद्यार्थिनी: आमच्याकडे बाटली येऊन पडली आहे, शेपटीला टॅग आहे. आता काय करायचं?)

परत पाठवू नकोस. आधी तुझ्या प्रथिनाची शेवटची दहा-बारा अमिनो आम्लं काढून बघ, तिथं काही खूण आहे का ते. असेल तर याच जनुकाचं बिनटॅगचं किंवा डोक्याला टॅग असलेलं प्लाझ्मिड मागव. अॅडजीनसारख्या ना-नफा संस्था अशी प्लाझ्मिडं देतात आणि कण बांधायची जोड-प्लाझ्मिडंही तिथंच मिळतात. बाटली उघडलीस की लगेच छोट्या वाट्या करून गोठव, पुन्हा पुन्हा वितळवू नकोस. एक वाटी फक्त टायटरसाठी ठेव आणि तो तुझ्या स्वतःच्या पेशींवर मोज. कंपनीला लिहून विचार, की या लॉटचा आकडा कुठल्या पेशींवर आणि कुठल्या पद्धतीनं काढला. प्रबंधात कंपनीच्या आकड्याशेजारी तुझा आकडा छाप. दोन्हींत दहापट फरक निघाला, तरी लपवू नकोस.